मिडलसेक्स: दुसऱ्याच्या अंगणातली कचेरी

लंडनमध्ये पार्लमेंटच्या समोर, चौक ओलांडला की पांढऱ्या दगडाची एक नक्षीदार इमारत लागते. २००९ पासून तिथं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय भरतं. इमारतीचं नाव मात्र अजून जुनंच आहे: मिडलसेक्स गिल्डहॉल. १९१३ साली ती बांधून पुरी झाली ती मिडलसेक्स काउंटीची कचेरी आणि कोर्ट म्हणून. आणि उद्घाटनाच्या दिवशी तिच्या पायाखालची जमीन मिडलसेक्समध्ये नव्हतीच. चोवीस वर्षांपूर्वी ती नव्या लंडन काउंटीत गेली होती.

आपल्याला हे अगदीच नवं नाही. पुणे जिल्हा परिषदेची इमारत पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे, जिथं जिल्हा परिषदेचं काही चालत नाही. पण पुणे शहर निदान पुणे जिल्ह्यात तरी आहे. मिडलसेक्सची कचेरी सरळ परक्या काउंटीत उभी होती, आणि १९६५ साली काउंटी बंद होईपर्यंत तिथंच राहिली.

हा अपघात नव्हे. या परगण्याचा सगळा इतिहासच असा आहे. त्याच्या कारभाराचा प्रत्येक धागा दुसऱ्याच कुणाच्या हातात होता, आणि प्रत्येक धाग्याची हद्द वेगळी होती.

नाव जुनं. ‘मधले सॅक्सन’ या अर्थाचं हे नाव इ.स. ७०४ च्या एका सनदेत सापडतं. दक्षिणेला थेम्स, पूर्वेला ली, पश्चिमेला कोन अशा तीन बाजूंनी नद्या, आणि उत्तरेला हर्टफर्डशरला लागून टेकड्यांची वेडीवाकडी हद्द. क्षेत्रफळ सुमारे २८० चौरस मैल, म्हणजे आजच्या मुंबईहून थोडंसंच जास्त. रटलंड सोडली तर इंग्लंडातली ही सगळ्यांत लहान काउंटी. १०८६ च्या मोजदादीत तिचे सहा विभाग दिसतात. त्यांना ‘हंड्रेड’ म्हणत, आपल्याकडच्या तरफेसारखे: एडमंटन, एलथॉर्न, गोर, हाउन्स्लो, ऑसलस्टन आणि स्पेलथॉर्न. यातल्या ऑसलस्टनच्या मधोमध लंडन सिटी, म्हणजे तटबंदीतलं मूळ जुनं लंडन, बसलेली. सिटीचा कारभार स्वतंत्र, भिंतीआडचा. पण तिची भूक भिंतीबाहेरची.

ही भूक पहिल्यांदा शेरीफच्या पदावर गेली. शेरीफ म्हणजे काउंटीतला राजाचा माणूस. सारा गोळा करणं, हुकूम बजावणं, पंच बोलावणं, कैदी हजर करणं, निवडणूक घेणं ही कामं त्याची. (मुंबईचं नगरपालाचं पद याच झाडाची फांदी, फक्त फळं न धरणारी.) इतर काउंट्यांत शेरीफ राजा नेमी. मिडलसेक्सचं शेरीफपद मात्र लंडनकरांनी मक्त्यानं घेतलं. ११९९ सालच्या जॉन राजाच्या सनदेप्रमाणे वर्षाला ३०० पौंड भरायचे आणि लंडन व मिडलसेक्स दोन्हींचं शेरीफपद आपल्या माणसांकडे ठेवायचं. सिटीचे नागरिक दोन शेरीफ निवडत आणि ते दोघे मिळून शेजारच्या काउंटीचे शेरीफ होत. त्या निवडणुकीत मिडलसेक्सच्या माणसाला मत नव्हतं. ही व्यवस्था जवळजवळ सात शतकं, १८८८ च्या कायद्यापर्यंत चालली.

त्यामुळे मिडलसेक्सला मुख्य ठाणं असं कधी झालंच नाही. पार्लमेंटची निवडणूक ब्रेंटफर्डला, न्यायाधीशांची बैठक क्लार्कनवेलला, फाशी टायबर्नला आणि शेरीफ सिटीत. ओल्ड बेलीच्या कोर्टात लंडनच्या खटल्यांना लंडनचे ज्युरी आणि मिडलसेक्सच्या खटल्यांना मिडलसेक्सचे, असे वेगवेगळे पंच एकाच दालनात बसत.

राजधानीला चिकटून असण्याचा एक परिणाम तर इतका चमत्कारिक आहे की वकील सोडून इतरांना तो खोटा वाटावा. राजाचं वरिष्ठ न्यायालय, किंग्ज बेंच, वेस्टमिन्स्टरला भरे. वेस्टमिन्स्टर मिडलसेक्समध्ये. किंग्ज बेंचला साध्या कर्जवसुलीचा दावा थेट घेता येत नसे. ते काम दुसऱ्या कोर्टाचं. पण ज्या काउंटीत कोर्ट बसतं तिथल्या दंगामस्तीच्या, जबरी आगळिकीच्या तक्रारी त्याला थेट घेता येत. आणि अशा तक्रारीवरून एकदा का माणूस कोर्टाच्या ताब्यात आला, की त्याच्यावर कुठलाही दावा लावता येई. मग वकिलांनी वाट काढली. समजा यॉर्कच्या माणसानं यॉर्कच्याच माणसाचे पैसे बुडवले. तर अर्ज करायचा की या इसमानं मिडलसेक्समध्ये घुसून जबरदस्ती केली. याला नाव ‘बिल ऑफ मिडलसेक्स’. मिडलसेक्सच्या शेरीफला हुकूम जाई, पकडून आणा. तो शेरा मारून पाठवी, इसम सापडत नाही. कसा सापडणार, तो यॉर्कात जेवत बसलेला. त्यावर दुसरा हुकूम निघे, ‘लॅटिटॅट’, म्हणजे ‘दडून आहे’. हा खऱ्या काउंटीच्या शेरीफच्या नावे, की सदर इसम तुमच्याकडे लपतछपत फिरतो आहे, धरा. माणूस हजर झाला की जबरदस्तीचा आरोप गुपचूप बाजूला आणि कर्जाचा दावा पुढे. पुढेपुढे पहिला कागद काढायचेही कष्ट घेईनात, एकदम ‘लॅटिटॅट’नंच सुरुवात होऊ लागली.

पक्षकाराचा फायदा असा की चान्सरीतून, म्हणजे राजाच्या हुकूमनामे काढणाऱ्या कचेरीतून, महागडा हुकूमनामा काढण्याचा खर्च वाचे. कोर्टाचा फायदा असा की फी त्यांना मिळे. जिथं पाऊलही ठेवलं नाही अशा परगण्यात इंग्लंडभरच्या हजारो ऋणकोंनी कागदोपत्री दंगल केली आहे. १८३२ च्या कायद्यानं हा प्रकार थांबला.

काउंटीचा रोजचा कारभार मात्र शेरीफ बघत नसे. तो जस्टिस ऑफ द पीस या बिनपगारी न्यायाधीशांकडे असे. वर्षातून ठरावीक वेळा एकत्र बसायचं आणि खटल्यांबरोबरच पूल, तुरुंग, दारूचे परवाने, काउंटीची पट्टी हेही उरकायचं. मुंबईचा शहरकारभारही एके काळी याच नावाच्या मंडळींच्या हाती होता. जगन्नाथ शंकरशेट त्यांतले एक. मिडलसेक्सच्या न्यायाधीशांना बसायला धड जागा नव्हती. १६१२ साली सर बॅप्टिस्ट हिक्स या धनिक कापड-व्यापाऱ्यानं क्लार्कनवेलच्या सेंट जॉन स्ट्रीटवर ती बांधून दिली. तो हिक्स हॉल. उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्याचे मैल याच इमारतीपासून मोजत. १७८२ मध्ये न्यायाधीश क्लार्कनवेल ग्रीनवरच्या नव्या इमारतीत गेले आणि हिक्स हॉल पाडला गेला. मैल मात्र बदलले नाहीत. ‘जिथं पूर्वी हिक्स हॉल होता तिथपासून’ अशी अक्षरं रस्त्याकडेच्या दगडांवर उमटली. सगळ्या दगडांवर नवे आकडे कोरण्यापेक्षा एक शब्द वाढवणं स्वस्त.

बिनपगारी पद खेड्यात चालतं, कारण तिथं जमीनदाराला मानाची हौस असते. लंडनच्या कडेच्या गजबजलेल्या वस्त्यांत सभ्य जमीनदार होते कुठे? मग जे पुढे येत ते फीवर डोळा ठेवून. वॉरंटाला पैसे, जामिनाला पैसे. भांडण जितकं वाढेल तितकी मिळकत. अशांना लोक ‘व्यापारी न्यायाधीश’ म्हणत, आणि मिडलसेक्सची त्याबाबत देशभर बदनामी होती. अखेर १७९२ च्या कायद्यानं सात पोलीस कचेऱ्या उघडल्या, प्रत्येकीत तीन दंडाधिकारी, वर्षाला ४०० पौंड पगारावर. पगार सुरू झाला, पण त्याबरोबर राजधानीच्या परिसरातला न्याय काउंटीच्या हातून सरकारकडे सरकला. सुधारणा चांगलीच होती. मिडलसेक्सच्या वाट्याला चांगल्या सुधारणा नेहमी काहीतरी काढून घेऊनच आल्या.

ब्रेंटफर्डच्या निवडणुकीबद्दल एवढंच. १७६८ साली राजाच्या सरकारवर जहरी टीका करणारा पत्रकार जॉन विल्क्स इथून निवडून आला, पुढच्या फेब्रुवारीत सभागृहानं त्याला काढलं, मतदारांनी पुन्हा निवडला, पुन्हा काढला. १३ एप्रिल १७६९ च्या मतदानात त्याला ११४३ मतं आणि प्रतिस्पर्धी लट्रेलला २९६. सभागृहानं लट्रेलला निवडून आल्याचं जाहीर केलं! तो ठराव १७८२ मध्ये इतिवृत्तातून खोडण्यात आला. परगणा लहान, पण छापखाने, दारूभट्ट्या आणि कारागीर इथं दाटीनं होते; राजाला इथल्या मतदाराची धास्ती वाटे ती उगीच नाही.

आता एका खात्याकडे जरा थांबून बघू, कारण जुन्या घराचा किंवा घराण्याचा माग काढणाऱ्याला अजूनही त्याचाच आधार आहे. ते म्हणजे मिडलसेक्सचं दस्त नोंदणी खातं.

इंग्लंडात बहुतेक ठिकाणी जमिनीचे व्यवहार खाजगी असत. खरेदीखत विकत घेणाऱ्याच्या पेटीत, बाहेर कुणाला पत्ता नाही. एकच जमीन दोघांना गहाण ठेवणं सोपं. म्हणून यॉर्कशरच्या विभागांत आणि मिडलसेक्समध्ये नोंदणीचे कायदे झाले. मिडलसेक्सचा १७०८ चा, अंमल १७०९ पासून. लंडन सिटी अर्थातच वगळलेली. नियम असा: नोंदलेला दस्त न नोंदलेल्या आधीच्या दस्ताला मात देतो. आज विकत घेतलं आणि नोंद केली नाही, आणि मालकानं उद्या तीच जागा दुसऱ्याला विकली व त्यानं नोंद केली, तर जागा त्याची.

नोंदणीला मूळ दस्त ठेवून घेत नसत. द्यायचा तो गोषवारा. त्यात दस्ताची तारीख, पक्षकारांची नावं, धंदा व गाव, साक्षीदार आणि मिळकतीचं वर्णन. खाली एका पक्षकाराची सही-मोहोर आणि दोन साक्षीदार. त्यातला एक मूळ दस्तावरही साक्षीदार असलाच पाहिजे, आणि त्यानं शपथेवर सांगायचं की सही माझ्यासमोर झाली. कारकून तो मजकूर मोठ्या वहीत उतरवून घेई आणि मूळ दस्तावर नोंद झाल्याचा शेरा मारून परत देई. किंमत गोषवाऱ्यात लिहिण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे ती बहुधा नसतेच. भाव शोधायला जाणारे इथं हात हलवत परत येतात. चालू बाजारभाड्याचे पट्टे आणि ताबा असलेले २१ वर्षांपर्यंतचे पट्टे नोंदायची गरज नव्हती. तेव्हा तुमचा पूर्वज भाडेकरू असला तर तो इथं भेटणार नाही. जहागिरीच्या दप्तरात चालणाऱ्या ‘कॉपीहोल्ड’ जमिनीही बाहेर.

खरी गोम सूचीत आहे. महाराष्ट्रात घर घेतलेल्या कुणालाही ‘इंडेक्स टू’ माहीत असतो. मिळकतीवरून शोध घेता येतो. मिडलसेक्सची सूची फक्त नावावर होती, आणि तेही देणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या नाही. म्हणजे घर कुणी घेतलं हे ठाऊक असूनही उपयोग नाही. विकलं कुणी ते हवं. म्हणून काम उलटं करावं लागतं. ज्याचं नाव माहीत आहे तो पुढे कधीतरी विकणारा किंवा गहाण ठेवणारा झाला असेल असं धरून त्याचं नाव पुढच्या वर्षांच्या सूचीत पाहायचं. नोंद सापडली की मिळकतीच्या वर्णनात ‘पूर्वी अमक्याच्या ताब्यात’ असं जुनं नाव मिळतं, ते धरून मागं सरकायचं. सूचीत नावाशेजारी पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, दिलेली असते, ती आधी बघावी. नाहीतर स्मिथ नावाच्या समुद्रात दिवस जातो. नोंदीचा हवाला तीन आकड्यांचा: साल, वही, क्रमांक. या वह्या आज क्लार्कनवेलमधल्या लंडनच्या दप्तरखान्यात आहेत, काउंटीच्या जुन्या कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आणि हद्द? या खात्याची हद्द जुन्या मिडलसेक्सची. १८८९ नंतर इझलिंग्टन किंवा केन्सिंग्टन लंडन काउंटीत गेलं, तरी तिथले दस्त मिडलसेक्सच्याच वहीत येत राहिले. खातं १९४० च्या कायद्यानं बंद झालं.

१८८९ हा मोठा घाव. १८८८ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यानं (मुंबई महापालिकेचा कायदाही त्याच सालचा) निवडून आलेली काउंटी कौन्सिलं आली आणि लंडनची वेगळी काउंटी झाली. मिडलसेक्सची सुमारे ३०,००० एकर जमीन गेली. एकरात पाहिलं तर सहावा हिस्सा. पण तो हिस्सा म्हणजे वेस्टमिन्स्टर, चेल्सी, हॅम्पस्टेड, हॅकनी, स्टेपनी: माणसं, कारखाने, पट्टी, सगळं. १८८१ ला मिडलसेक्सचा रहिवासी असलेला माणूस घर न बदलता लंडनकर झाला. उरलेल्या काउंटीला स्वतःचा शेरीफ मिळाला, हाच काय तो नफा.

वाटणीत भांड्यांची अदलाबदल होते तशी इस्पितळांची झाली. हॅनवेलचं मनोरुग्णालय मिडलसेक्सनं आपल्या पट्टीतून बांधलेलं, १८३१ चं. १८३९ पासून डॉ. जॉन कॉनली यांनी तिथं रुग्णांना साखळदंडात आणि पट्ट्यांत जखडणं बंद केलं, म्हणून ते युरोपभर गाजलं. हॅनवेल नव्या मिडलसेक्समध्येच होतं, पण रुग्णालय लंडन कौन्सिलकडे गेलं, कारण रुग्ण बहुतेक लंडनचे. बदल्यात मिडलसेक्सला थेम्सपलीकडचं, सरेनं वाँड्सवर्थला बांधलेलं स्प्रिंगफील्ड मिळालं, आणि ते नव्या लंडन काउंटीत. हिशेब बरोबर होता. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्याच्या पायपिटीचा रकाना हिशेबात नव्हता.

उरलेल्या मिडलसेक्सच्या हाती काय होतं? पोलीस नव्हतेच, १८४० पासून अख्खा परगणा लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे. हायगेटच्या क्रॉमवेल अव्हेन्यूवर १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मांनी सुरू केलेलं इंडिया हाउस, जिथं सावरकर राहिले, ते हॉर्न्सी बरोमध्ये (बरो म्हणजे तिकडची नगरपालिका), म्हणजे लंडन काउंटीच्या बाहेर, मिडलसेक्समध्ये होतं. स्कॉटलंड यार्डच्या हेरांना त्यानं काही फरक पडला नाही. त्यांची हद्द काउंटी ओळखत नव्हती. पाणी १९०४ पासून लंडनभरच्या एका मंडळाकडे, ट्राम आणि बसगाड्या १९३३ पासून दुसऱ्याकडे. काउंटीकडे उरले मोठे रस्ते, शाळा, नगररचना. आणि मोटारींच्या पाट्या: मिडलसेक्सला सुरुवातीला एच, मग एमएक्स, आणि पुढे मिळालेल्या जोड्यांत चक्क एमएच. जुन्या इंग्लिश मोटारीवर ही दोन अक्षरं दिसली तर मराठी माणसानं उगीच हुरळून जाऊ नये.

दरम्यान रेल्वे आणि भुयारी रेल्वेच्या मागोमाग घरं आली. शेतं, बागायती, विटांच्या भट्ट्या गिळत वेम्बली, हॅरो, हेंडन, साउथॉल एकमेकांना चिकटले. १९३४ नंतर काउंटीत एकही ग्रामीण विभाग उरला नाही. १९५१ च्या शिरगणतीत वस्ती साडेबावीस लाखांच्या वर. शेवटी अठरा बरो आणि आठ शहरी विभाग होते. यातल्या मोठ्या बरोंना, ईलिंगसारख्यांना, काउंटीतून फुटून स्वतंत्र व्हायचं होतं, आणि त्यांना सोडलं तर काउंटीत उरणार काय, हा प्रश्न होता. म्हणून हर्बर्ट आयोगानं १९६० मध्ये बृहन्लंडनची शिफारस केली तेव्हा मिडलसेक्सला वाचवायला भक्कम असं कुणी नव्हतं.

१ एप्रिल १९६५ ला काउंटी संपली. बहुतेक भाग नऊ नव्या लंडन बरोंत वाटला गेला. हॅरो एकटाच जसाच्या तसा राहिला. वेम्बली आणि विल्झडन मिळून ब्रेंट झाला. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलवरची वास्तू आज त्यात आहे. पॉटर्स बार हर्टफर्डशरला गेलं. स्टेन्स आणि सनबरी नदी ओलांडून सरेत गेले, आणि तिथं आपल्या विभागाला त्यांनी १०८६ च्या यादीतलं नाव दिलं: स्पेलथॉर्न.

क्रिकेटचं मिडलसेक्स वेगळंच. क्लब १८६४ चा, १८७७ पासून लॉर्ड्सवर खेळणारा, आणि लॉर्ड्स १८८९ पासून मिडलसेक्सबाहेर. क्लबनं कधी पर्वा केली नाही. वेंगसरकरांनी १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये तिथं लागोपाठ तीन कसोटी शतकं ठोकली. जुन्या नकाशावर ती मिडलसेक्सची, कागदावर लंडनची.

आणि टपाल. १९६५ ला टपालखात्यानं पत्ते बदलायला नकार दिला. फार खर्च, फार घोळ. त्यामुळे काउंटी गेल्यावरही ‘मिडलसेक्स’ पत्त्यात एकतीस वर्षं अधिकृत राहिलं. पण टपालाचं मिडलसेक्सही स्वतःच्याच हद्दीचं: हॅरो, अक्सब्रिज, ट्विकनहॅम एका बाजूला, एनफील्ड दुसऱ्या बाजूला, मध्ये खिंडार. हेंडन, फिंचली, टॉटनहॅम काउंटीत असतानाही त्यांचा पत्ता ‘लंडन’, कारण लंडनचे टपाल विभाग १८५७-५८ चे. बकिंगहॅमशरमधल्या डेनमचा पत्ता ‘अक्सब्रिज, मिडलसेक्स’. आणि मिडलसेक्सच्या किनाऱ्यावर असलेल्या हॅम्पटन कोर्ट राजवाड्याचं टपाल पलीकडच्या ‘ईस्ट मोल्सी, सरे’ या नावानं येतं.

१९९६ पासून टपालखात्याला पत्त्यात काउंटी लागत नाही. हॅरोत किंवा वेम्बलीत राहणाऱ्या भावाला पुस्तकं, फराळ पाठवायचा असेल तर घरक्रमांक, रस्ता, टपालगाव आणि पिनकोडाचं तिकडचं भावंड, पोस्टकोड, एवढं पुरे. ऑनलाइन अर्जातला ‘काउंटी’ रकाना सक्तीचा असेल तर यादीत एमपाशी जाऊन मिडलसेक्स निवडलं तरी चालतं. यादीत ते बहुधा असतंच, आणि पार्सल पोस्टकोडवर जातं.